निळा, लाल आणि मोकळा स्लॉट

दुकान चालवत होते तोवर मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न एकच. "मॅडम, निळा घेऊ की लाल?" साडीच्या दुकानात शोभणारा हा प्रश्न मी पनवेलच्या बाजारात, कॉम्प्युटर जोडून द्यायच्या धंद्यात आयुष्यभर ऐकला. कॉम्प्युटरचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन. एकीचा रंग निळा, दुसरीचा लाल. नावं घेत नाही, कारण दोघींपैकी एकीनेही मला कधी दिवाळीला सोनपापडीचा डबासुद्धा पाठवलेला नाही.

गिऱ्हाईक घरून मत ठरवूनच यायचं. कोणी मेव्हण्याचं ऐकून, कोणी मोबाइलवर व्हिडिओ बघून. एका गृहस्थांनी तर, "आमच्या यांना मंगळ आहे, लाल नको," असं बायकोच्या तोंडून वदवलं. मी निळा दिला. घरी जाऊन चालू केला तर आतल्या पंख्याचा दिवा लाल. तो बदलून घ्यायला मंडळी सहकुटुंब परत आली आणि जाताना माझ्याकडे अशा नजरेने बघत गेली, की जणू मीच मंगळ पेरला होता.

माझा स्वभाव तापट. बाजारात ते सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारचे चष्मेवाले नवीन गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवायचे, "बाई ओरडतील, पण काम चोख करतील." ओरडायचं कारण साधं होतं. कोणीही आपल्याला काय काम करायचं आहे ते सांगत नसे. सगळे रंगाचंच बोलत. म्हणून मी दुकानात एक जोडी मांडून ठेवली होती. टेबलावर एक निळा कॉम्प्युटर, शेजारी एक लाल, दोन्ही उघडेबोडके, डबा न चढवलेले. गिऱ्हाइकाला सांगायचे, तुमचं रोजचं काम पेनड्राइव्हवर घेऊन या. दोन्हींवर चालवू. जो लवकर उरकेल तो तुमचा. लोकांना हे फार विचित्र वाटायचं. बूट पायात घालून बघतात, पण कॉम्प्युटर मात्र डोळे मिटून घेतात.

आता थोडी तांत्रिक बडबड, दोन मिनिटं सहन करा. लोक 'मेमरी' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात फोटो साठवायची जागा असते. ती नव्हे. ती झाली स्वयंपाकघरातली मांडणी, डबे-बरण्यांची. मी म्हणतेय ती रॅम, म्हणजे ओटा. जे आत्ता शिजवायचंय ते ओट्यावर काढलेलं असतं. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई. ओटा केवढा मोठा आहे हे सगळे विचारतात. ओट्यावरचं सामान तिच्या हातात किती भरभर येतं हे कोणी विचारत नाही. आणि निळा-लाल यांच्यात खरा फरक बऱ्याचदा तिथेच पडतो. माझ्या जोडीतला निळा मेमरीतून भराभर माल ओढायचा. लालच्या पोटातच स्वतःचा साठा मोठा, त्यामुळे त्याला मेमरीकडे हात पसरावा लागायचा कमी. काम लहान असलं की लाल पुढे, फार मोठं असलं की निळा. पण हे सांगायला लागले की गिऱ्हाइकाची नजर घड्याळाकडे जायची.

सांगायची गोष्ट मात्र वेगळीच आहे. दुकान बंद करायच्या आधीच्या वर्षातली.

एके दिवशी सकाळी दुकानासमोर रिक्षा थांबली आणि तीन माणसं एक कॉम्प्युटर घेऊन उतरली. चादरीत गुंडाळलेला तो डबा एका म्हाताऱ्या माणसाने तान्ह्या मुलासारखा उराशी धरला होता. हे धर्मानाखवा, करंजाच्या अलीकडच्या एका खाडीकाठच्या कोळीवाड्यातले. तिथल्या मच्छीमारांच्या सोसायटीचे चेअरमन. मागे त्यांची बायको हिराबाय, हातात मासळीची पिशवी. आणि नात प्राजक्ता, पाण्याच्या प्रवाहांचा अभ्यास करून नुकतीच एमएससी झालेली. पोरीचा चेहरा रडून सुजल्यासारखा दिसत होता.

"मॅडम, लाल आणि निळा दोन्ही टेस्ट करून देता ना तुम्ही?" तिने विचारलं. "आम्ही निळा घेतलाय. चुकलंय आमचं. लालच घ्यायला हवा होता."

"कोण म्हणतं चुकलं?"

"सगलं गाव बोलतं," धर्मानाखवा डबा टेबलावर ठेवत म्हणाले. "धर्माच्या नातीनं सोसायटीचं मशीन फुकट घालवलं. मी लोकांपुढं शब्द टाकला नं बाय, तवा ह्ये मशीन आलं."

मग हळूहळू सगळं समजलं. त्यांच्या खाडीत गाळ भरला होता. पूर्वी बोटी कधीही आत यायच्या. आता ओहोटी लागली की खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून भरतीची वाट बघावी लागते. तोवर बोटीवरच्या बर्फाचं पाणी होतं, मासळी मऊ पडते, आणि व्यापारी तिच्याकडे तोंड वाकडं करून बघतात.

"आमी बाया धक्क्यावं बसून," हिराबाय म्हणाल्या. "बोट डोल्यांना दिसतं, पन आत येत नाय. घरचा मानूस दारात हुबा आन् दार उघडत नाय, तसं होतं."

गाळ काढणाऱ्या खात्याकडे एका तुकड्यापुरती मंजुरी होती. कागदावर तो तुकडा धक्क्यासमोरचा होता, कारण तिथे गाळ डोळ्यांना दिसतो. धर्मानाखवांचं म्हणणं, तिथे कितीही उपसा, पुन्हा भरणार. खरी गोम अलीकडच्या वळणावर आहे. आयुष्यभर सुकाणू धरलेल्या माणसाला ते हाताला कळत होतं. पण बैठकीत हाताला कळलेलं कसं मांडणार? प्राजक्ताने सांगितलं, मी अख्ख्या खाडीचं गणित मांडते. भरतीचं पाणी कसं शिरतं, कुठे मंदावतं, गाळ कुठे बसतो, हे कॉम्प्युटरवर पाणी खेळवून दाखवता येतं. खात्यातले साहेबही भले होते. ते म्हणाले, दाखवा, पटलं तर जागा बदलू. बैठक पुढच्या आठवड्यात होती.

आणि गणित संपत नव्हतं. यंत्र गोगलगायीसारखं चाललं होतं. प्राजक्ताने हिशोब केला, बैठक होऊन जाईल, गाळ उपसणारा ड्रेजर धक्क्यासमोर लागेल, त्यानंतर कधीतरी उत्तर येईल.

"प्रोसेसरमध्ये काम करणारे एवढे कोअर आहेत, मॅडम," ती म्हणाली. "कॉलेजच्या जुन्या मशीनपेक्षा कितीतरी जास्त. तरी हे असं. म्हणजे कंपनीतच प्रॉब्लेम असणार ना?"

मी नेहमीसारखं सांगितलं, आधी काम चालवू, मग कंपनीला शिव्या देऊ. तिच्याकडे खाडीचा एक छोटा नमुना होता आणि एक मोठा. दोन्ही माझ्या जोडीवर लावले. छोट्यावर लाल पुढे. प्राजक्ताने लगेच आजोबांकडे पाहिलं, बघा मी म्हणत होते ना, असं. मोठ्यावर निळा पुढे गेला, तोही थोडासाच. आता ती गोंधळली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की माझ्या टेबलावरचा निळा तिच्याच निळ्याचा सख्खा भाऊ आहे. तोच प्रोसेसर, तेच मॉडेल. तरी तो तिच्या यंत्राच्या जवळजवळ दुप्पट वेगाने खाडी खेळवत होता.

"ह्ये कसं?" नाखवा उठून टेबलापाशी आले. त्यांनी माझ्या मशीनच्या खाली वाकून बघितलं. खाली काही लपवलंय का, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होती.

मी त्यांच्या डब्याची बाजू उघडली आणि कपाळाला हात लावला. आत रॅमची एकच पट्टी. चांगली, मोठी, महागातली. आणि तिच्या शेजारचा स्लॉट मोकळा.

"ही जागा रिकामी का?"

"ती आमीच ठेवाया लावली," नाखवा अभिमानाने म्हणाले. "दुकानवाला दोन बारक्या पट्ट्या घालत होता. मी बोललो नाय, एकच मोठी घाल. एक जागा मोकली ऱ्हावू दे. पुढंमागं वाढवायची झाली तर?"

आमच्या भागातला प्रत्येक माणूस हेच सांगतो. पनवेलपासून उरणपर्यंत कुठल्याही गावात जा, घरांच्या गच्चीवर सळ्या उभ्या असतात, पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या. तीच बुद्धी कॉम्प्युटरमध्ये. दुकानदारही वाद घालत नाहीत. गिऱ्हाईक खूश, विषय संपला. मी वाद घालायचे, म्हणून माझी गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात जायची.

माझं डोकं तापायला लागलं होतं. पण पोरीचा चेहरा बघून मी आवाज खाली आणला आणि हिराबायना विचारलं, "बोट लागली की मासळी कशी उतरवता?"

"फली टाकतान. फलीवरशी पाट्या येतान. आमी निवडाया बसतो."

"निवडायला किती जणी?"

"हव्या तितक्या. जावा, सुना, शेजारनी."

"आणि फळी एकच असेल तर?"

हिराबाय हसायला लागल्या. "मंग काय, बाया बसून ऱ्हातान. येक पाटी येली की सगल्या तिच्यावं तुटून पडतान, मंग परत हात बांधून गप्पा!"

"तुमच्या प्रोसेसरमध्ये बाया भरपूर आहेत," मी म्हणाले. "निळ्यातही आहेत, लालमध्येही आहेत. प्राजक्ताच्या कामाला मासळी, म्हणजे आकडे, प्रचंड लागते, ती सगळी मेमरीतून येते. प्रत्येक पट्टी म्हणजे एक फळी. यंत्रात दोन फळ्या टाकायची सोय आहे. तुम्ही एक टाकली आणि दुसरी गोदीत ठेवून दिली, पुढंमागं लागेल म्हणून."

प्राजक्ताने डोळे मिटून घेतले. तिला कळलं होतं, आणि इतकं साधं आपल्याला का सुचलं नाही म्हणून तिला स्वतःचाच राग येत होता. तिच्या अभ्यासात पाण्याचं गणित होतं, डब्यातल्या पट्ट्यांचं नव्हतं. तिचा काही दोष नव्हता.

नाखवांनी मात्र स्टूल ओढून बसकण मारली. मला वाटलं आता म्हातारा भडकणार. इतक्या वर्षांत मी हेच पाहिलं होतं. मोकळा स्लॉट भरायचा म्हटलं की माणसाला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं.

"दोनी जागा भरल्या की मंग पुढं काय?" त्यांनी शेवटी विचारलं. "वाढ खुंटली."

"खुंटली नाही. पुढे मोठ्या पट्ट्या घेऊ, ह्या काढून विकू. पण ते पुढचं पुढे. आबा, बैठक पुढच्या आठवड्यात आहे."

ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "माझ्या घराच्या गच्चीवं सल्या ठेवल्यान मी. दोनी पोरांसाठी वरचा मजला काढायचा म्हनून. पोरं गेली पोर्टात नोकरीला, तिकरंच ब्लॉक घेतला. सल्या गंजल्या. कपडं वालत घालाया कामाला येतान." मग हिराबायकडे बघत, "हिनं तवाच सांगितलेलं, खालच्या खोलीत येक खिरकी काढ, वारा येल. मी बोललो, मजला झाला की काढू."

"खिरकी अजून नाय," हिराबाय म्हणाल्या, आणि त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. मी उठून टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला. मी रागीट असले तरी दगड नाही.

आता अडचण अशी की एकाच पट्टीच्या जोडीला तशीच दुसरी लागते, आणि ती त्या दिवशी पनवेलच्या बाजारात मिळेना. चार दुकानांत फोन केले. कोणी म्हणे परवा येईल, कोणी म्हणे मुंबईहून मागवू. मग मी माझ्या जोडीकडे पाहिलं. लालमधल्या दोन पट्ट्या एकसारख्या, जुळ्या होत्या. लाल बंद केला, दोन्ही उपसून काढल्या. माझ्या दुकानाची ती शान होती. आता एका बाजूने दात पडल्यासारखी दिसायला लागली. मी पट्ट्या नाखवांच्या हातात दिल्या.

"तुम्हीच बसवा."

"मी? मोडंल नं!"

"मोडत नाही. तुमची जुनी पट्टी मी काढते. ह्या दोन तुम्ही बसवायच्या. खाच बघा, ती ह्या बाजूला. दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब द्या. टक् असा आवाज आला पाहिजे."

जाळी ओढून राठ झालेल्या त्या अंगठ्यांनी पहिली पट्टी बसवली. आवाज आला. दुसरी हातात घेतल्यावर मात्र ते थांबले, त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिले. प्राजक्ता काही बोलायला गेली, हिराबायनी तिचा हात दाबला. मग नाखवांनी अंगठे टेकवले. दुसऱ्यांदा टक् झालं.

मी यंत्र चालू केलं, आतल्या सेटिंगमध्ये जाऊन मेमरीला तिच्या पूर्ण वेगाने धावायची परवानगी दिली. तीही बरेच लोक द्यायचं विसरतात. मोठा नमुना लावला. पडद्यावर निळं पाणी खाडीत शिरायला लागलं आणि प्राजक्ता रडायला लागली, यावेळी वेगळ्या कारणाने. निळा की लाल यावर ती महिनाभर कुढत होती. त्या दोघांत जेवढा फरक पडला, त्याच्या कितीतरी पट त्या एका मोकळ्या जागेने पाडला होता. निघताना हिराबायनी मासळीची पिशवी टेबलावर ठेवली. आम्ही घरात मासे खात नाही, हे सांगायचा मला धीर झाला नाही. चष्मेवाल्यांच्या घरी त्या संध्याकाळी बेत झाला.

बैठकीच्या आधी उत्तर आलं. गाळ सगळ्यात जास्त वळणावरच बसत होता, तिवरांच्या झाडांच्या रांगेच्या जरा पुढे. धर्मानाखवांनी दाखवलं होतं त्याच जागी नव्हे, थोडं बाहेरच्या बाजूला. हे ऐकून मी फोनवर विचारलं, आबांना वाईट वाटलं का? प्राजक्ता म्हणाली, "छे, ते म्हणतात, खाडी माझ्यापेक्षा म्हातारी हाय, तिला माझ्याहून जास्त कलतं." साहेबांनी सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाले, प्रत्यक्ष खोली मोजून दाखवा. मग गावातल्या लोकांनी होडीतून जाऊन, दोरीला शिसं बांधून जागोजागी पाणी मोजलं. पडद्यावरचे आकडे आणि दोरीवरच्या गाठी जुळल्या. मंजुरीचा तुकडा बदलला. ड्रेजर वळणावर लागला.

हे सगळं मी दुकानात बसून ऐकत होते. आणि मला एक गोष्ट टोचत होती. मी इतकी वर्षं यंत्रं जोडली, वाद घातले, मेमरीच्या वेगावरून भांडले. त्या यंत्रांनी पुढे जाऊन काय केलं, हे बघायला मी एकदाही दुकानाबाहेर पडले नाही. कुठल्या ऑफिसात बिलं फाडली गेली, कुठे लग्नाची पत्रिका छापली गेली, कुणाचं पोर त्याच्यावर शिकलं, मला काही माहीत नाही. डबा दारातून गेला की माझं काम संपलं. आज याची खंत वाटते. आता लोक ऑनलाइन मागवतात, घरपोच येतं, विचारायला कोणी येत नाही. मी गेल्या वर्षी शटर खाली ओढलं ते फारसं दुःख न करता. पण ही हुरहुर राहिली होती.

म्हणून गाळ उपसून झाल्यावर, त्याच वर्षी नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू झाली, तेव्हा प्राजक्ताचा फोन आल्याबरोबर मी बसने निघाले. धक्क्यावर पोचले तेव्हा पाणी ओसरत होतं. चिखल उघडा पडायला लागला होता. बायका ओळीने बसल्या होत्या. हिराबायनी मला शेजारी बसवून घेतलं, किटलीतून कपात चहा ओतला.

"बस बाय, लय येल हाय," त्या म्हणाल्या. ओहोटीला वाट बघायची सवय अंगात इतकी मुरलेली, की गाळ उपसलाय हे माहीत असूनही कोणी घाईत नव्हतं. सगळ्यांनी चहा घेतला होता, कोणी तंबाखू मळत होतं. प्राजक्ता तेवढी उभी होती, पदर नाही म्हणून ओढणीचीच गाठ मारत, सोडत.

मग लांबवर बोट दिसली. नाखवांचीच होती, सुकाणूवर त्यांचा पुतण्या. बोट खाडीच्या तोंडाशी आली, जिथे इतकी वर्षं नांगर पडायचा तिथे, आणि तिचा वेग कमी झाला. धर्मानाखवा धक्क्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मला दिसत होती ती त्यांची पाठ. बोट आणखी मंदावली. प्राजक्ताने माझा दंड इतक्या जोराने धरला की दुखायला लागलं.

आणि बोटीचं नाक वळलं. ती वळणात शिरली, तिवरांना डावीकडे टाकून, सावकाश, पण कुठेही न अडखळता. इंजिनाचा आवाज मोठा मोठा होत आला.

"आयव! आली की गो!" कोणीतरी ओरडलं, आणि धक्क्यावर एकच गोंधळ उडाला. कोणाची पाटी सापडेना, कोणाची सुरी घरी, बर्फाची पेटी अजून टेम्पोतच. हिराबाय ताडकन उठल्या. हातातला अर्धा कप त्यांनी तसाच खाडीत भिरकावला, लुगडं खोचलं आणि पेटीची एक कडी धरून माझ्यावर खेकसल्या.

"बघतंस काय नुसती? धर त्या बाजूनं! या पोरीनं आता च्या प्यायाला पन सवड ठेवली नाय!"

त्या हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी माझा कप जमिनीवर ठेवला, दुसरी कडी धरली आणि त्यांच्याबरोबर पळत सुटले.